आवाज आहे, शब्द नाहीत

बंगळुरूची पोस्टिंग म्हटली की नातेवाईक आधी हवेचं कौतुक करतात. माझे रविवार मात्र बऱ्याचदा सिल्क बोर्डच्या पलीकडे, इलेक्ट्रॉनिक सिटीत जातात. कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर १९७८ साली केऑनिक्सने ही वसाहत उभी केली. आर. के. बालिगा यांचं ते स्वप्न. आज तिथे काचेच्या इमारतींत सॉफ्टवेअर लिहिलं जातं, आणि त्या इमारतींच्या फाटकांवर ताठ उभी असलेली कितीतरी माणसं आपली असतात, निवृत्त फौजी.

त्यांतलेच एक सुभेदार साहेब. सातारकडचे, नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमधून तयार झालेले, अर्धी नोकरी बोफोर्सवर. एका पोस्टिंगवर आम्ही एकाच ब्रिगेडमध्ये होतो. ते मला साहेब म्हणतात, मी त्यांना साहेब म्हणतो. फौजेबाहेरच्या माणसाला यातला मोठा कोण ते कळत नाही.

त्यांची मुलगी नववीत. साठवलेल्या पैशांतून तिने एसपी रोडवरून अॅम्प्लिफायरचं किट आणलं आणि स्वतः सोल्डर केलं. कारण साधं होतं. बाबा टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी दार वाजवतात. पण जोडणी पुरी झाली आणि स्पीकर मुका. "काका, बॅटरी नवी आहे, एलईडी लागतोय, तरी काहीच नाही. आयसी जळला का?"

नवशिक्याचा पहिला संशय नेहमी आयसीवर असतो, आणि तो बहुतेक वेळा निर्दोष सुटतो. आम्हा सिग्नलवाल्यांची रीत वेगळी. लाइन तुटली की पहिल्या खांबापासून चालत सुटायचं नाही. मधोमध टेस्ट करायची, कोणती बाजू जिवंत आहे ते बघायचं आणि उरलेल्या अर्ध्यात शोधायचं.

किटमधला आयसी एलएम३८६. आठ पायांचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर अर्ध्या वॅटच्या आसपास आवाज देणारा. आयसीची खाच बरोबर दिशेला, कपॅसिटरचे अधिक-उणे ठीक, हे आधी डोळ्यांनी पाहिलं. मग मल्टिमीटर तिच्याच हातात दिला. सहाव्या पायावर नऊ व्होल्ट मिळाले, म्हणजे रसद पोचते आहे. पाचवा पाय आउटपुटचा. तिथे काही वाजत नसताना बॅटरीच्या निम्मे, साडेचार व्होल्ट हवेत. तेवढेच निघाले. "म्हणजे आयसी शाबूत आहे," ती स्वतःच म्हणाली.

मग स्विच बंद-चालू करायला लावला. आउटपुटचा कपॅसिटर भरतो तेव्हा स्पीकरमधून एक 'थप्' यायला हवी. आली नाही. म्हणजे पाचव्या पायापासून स्पीकरपर्यंत कुठेतरी रस्ता तुटलेला. भिंगातून पाहिलं तर त्या कपॅसिटरच्या एका पायाशी सोल्डरचा मळकट गोळा होता. चांगला सांधा चकाकतो आणि उतरत्या बाजूंनी पट्टीला धरून बसतो. हा नुसता वर बसला होता. सोल्डर गरम झालं होतं, पट्टी झाली नव्हती. आयर्न पायाला आणि पट्टीला एकदम टेकवायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग सोल्डर द्यायचं. तिने तसं केलं, आणि 'थप्' आली.

आता इनपुट. व्हॉल्यूम पूर्ण वर करून तिसऱ्या पायाला बोट लावलं की घुरघुर ऐकू यायला हवी. शांतता. बॅटरी काढून तिसऱ्या पायापासून ग्राउंडपर्यंत मीटर लावला, तर तो सरळ बीप करू लागला. दुसरा पाय या सर्किटमध्ये ग्राउंडला जातो. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे सोल्डरचा केसाएवढा पूल झाला होता. आत येणारा आवाज तिथूनच जमिनीत जिरत होता. पूल पुसला, बोट लावलं, स्पीकर घुरघुरला. मोबाइल जोडला तर गाणं वाजलं.

सुभेदार साहेबांना बोलावलं. मुलीने फोनवर साताऱ्याच्या आजीचा रेकॉर्ड केलेला निरोप लावला, आवाज पूर्ण वर. साहेब लक्ष देऊन ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "आवाज आहे, साहेब. शब्द नाहीत."

मुलगी पुन्हा बोर्ड उलटा करायला लागली. मी तिला थांबवलं. बोर्डात आता दोष नव्हता. तोफेच्या धमाक्याने कान जातो तो एकसारखा जात नाही. आधी वरच्या पट्टीतलं जातं, चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचं. स्वर तिथे खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, थ ही व्यंजनं हरवतात. म्हणून माणूस "ऐकू येतंय" म्हणतो आणि ते खरंही असतं. साधा अॅम्प्लिफायर सगळंच सारखं मोठं करतो, आहे तेही आणि गोंगाटही. श्रवणयंत्र तपासणीच्या आलेखाप्रमाणे जिथे कमी आहे तिथेच भर घालतं.

"मग बाबांचा कुठला सांधा सुटलाय?" तिने विचारलं. मी खरं तेच सांगितलं. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, तिथे सोल्डर चालत नाही. उरलेलं मात्र सांभाळता येतं.

साहेबांचं उत्तर मला पाठ होतं: यंत्र लावलं की माणूस म्हातारा दिसतो, फाटकावरचे पोरगे हसतील. या वेळी ते काही बोलले नाहीत. मुलीच्या बोटावर आयर्नचा चटका बसून फोड आला होता, तो बघत राहिले. मग तिला म्हणाले, "ईसीएचएसचं कार्ड कपाटात आहे का बघ."

तोफखान्यातल्या माझ्या मित्रांनो, घरात टीव्हीचा आवाज वाढतोय अशी तक्रार असेल, तर आधी ऑडिओमेट्री करून घ्या. सर्किट तपासतो तसंच आहे हे. दोष कुठे आहे ते मोजल्याशिवाय आवाज वाढवण्यात अर्थ नाही.

जय हिंद.