मुडपलेली कड

घिवलीत लोखंडाला लपता येत नाही. समुद्रावरचा खारा वारा खिडकीचा गज, सायकलची चेन, कपाटाची बिजागरी बरोबर हुडकून काढतो. मी बोईसरच्या एमआयडीसीत शाळा आणि प्रयोगशाळांसाठी पत्र्याची कपाटं आखतो आणि राहतो इथं. त्यामुळे स्क्रीनवर रेघ ओढताना हा वारा माझ्या मनातून जात नाही.

कपाटाचा पत्रा जेमतेम 0.8 मिलिमीटरचा. अख्खी शीट दोघांनी उचलली की मधोमध झोळ पडतो आणि ती ढगासारखी गडगडते. जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट वाढतो, हे खरं. पण वजनही दुप्पट होतं, आणि वजनाबरोबर किंमत. जिल्हा परिषदेच्या शाळेला ती कशी परवडावी? म्हणून पत्रा जाड करायचा नाही, दुमडायचा. चारही कडा पंचवीस मिलिमीटर काटकोनात वळवल्या की तोच लेचापेचा पत्रा पुस्तकांची चळत पेलतो. त्यामागचं सूत्र मला पाठ आहे. तरीही प्रेस ब्रेक यंत्राखाली पत्रा वळताना मी थांबतो, बघत राहतो.

वळवलेल्या पट्टीला शेवटी कापलेली धार उरतेच. कपाटामागे पडलेली फूटपट्टी काढायला एखादी मुलगी हात घालते, तो हात त्या धारेवरूनच जातो. मग शिंपी कापडाची कड मुडपतो तशी ही धारही आत मुडपायची. आणि इथंच मला या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट भेटली. पावडर कोटिंग साधारण 180 ते 200 अंशांच्या भट्टीत वितळतं, तेव्हा धारदार कडेवरून ते मागे ओढलं जातं. रंगाचा थर तिथं सर्वांत पातळ राहतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. जी कड बोट कापते, तीच आधी गंजते. एका मुडपीत दोन्ही टळतं, वर पत्र्याला ताठपणा येतो. मात्र ती फार घट्ट दाबली तर रंगाआधीच्या फॉस्फेटिंगच्या टाकीतलं पाणी आत अडकतं आणि पुढे कधीतरी तांबूस ओघळ होऊन बाहेर येतं. म्हणून मुडप किंचित उघडी ठेवायची, खाली निथळायला भोक द्यायचं.

बेंडिंगवरचे काका एकदा म्हणाले, “साहेब, ही बाजू भिंतीकडं जाणार. कोणाला दिसतेय?”

“दिसणार नाही काका, पण हात जाईल.”

प्रयोगशाळेत लोखंड हुडकणारा वारा बाटलीतून येतो. हायड्रोक्लोरिक आम्लाचं बूच सैल राहिलं की आधी बिजागऱ्या जातात. लोक म्हणतात, स्टेनलेस स्टील द्या. पण स्टेनलेसला राखतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा, आणि क्लोराइड त्यालाच बारीक भोकं पाडतं. 316 या प्रतीत मॉलिब्डेनम असतं, म्हणून समुद्रकाठी ती 304 पेक्षा बरी टिकते; या आम्लापुढे मात्र तीही हरते. आम्लांना पॉलिप्रॉपिलीनचं वेगळं कपाट हवं, त्याला स्वतःचा हवा ओढणारा पाइप हवा, आणि नायट्रिकशेजारी स्पिरिट कधीही नको.

जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून याच समुद्राच्या पाण्यावर थंड होत आलं आहे. तिथल्या धातूंच्या निवडीबद्दल सगळे आदरानं बोलतात. शाळेच्या कपाटाबद्दल कोणी बोलत नाही, आणि मला ते मनापासून खटकतं. पत्र्याचं काम क्षुल्लक नाही: देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो पोलादी मतपेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडल्या. ते कामही पत्रा कापून, वळवून, जोडूनच झालं होतं.

सध्या माझ्यासमोर एका शाळेचं ड्रॉवरचं कपाट आहे. भरलेले ड्रॉवर एकदम बाहेर ओढले की कपाट पुढं झुकतं, आणि मुलं उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन चढतात. म्हणून सूक्ष्मदर्शक सर्वांत खाली ठेवले आहेत, आणि एक ड्रॉवर उघडला की बाकीचे अडकतील अशी कळ दिली आहे. राहिले भिंतीत घट्ट बसवायचे बोल्ट. कोटेशनमध्ये ते ‘जादा’ म्हणून वेगळे दाखवले की खर्चाची कात्री आधी तिथंच लागते. मी ते ड्रॉइंगमध्येच घातले आहेत, दार आणि कुलपाच्या रांगेत, कपाटाचे भाग म्हणून.