ताज्या पनीरचा डिप आणि माझं कापलेलं बोट

आमच्या लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला मी इटालियन पद्धतीचा डिप केला आणि रात्री सात जणांना उलट्या झाल्या. त्या सातांतले एक माझे सासरे, वय बहात्तर, मधुमेह. ही गोष्ट ओपीडीत मी बऱ्याच जणांना सांगते, लिहायला मात्र धीर होत नव्हता. पण आता धाराशिवसारख्या गावातही वाढदिवसाला चिवडा-वेफर्सच्या शेजारी डिपची वाटी असतेच. तुमच्याकडेही असेल, म्हणून लिहिते.

त्या दिवशी मला अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. बाजारातल्या मेयोनीजला हात लावायचा नाही, सगळं ताजं. आपल्या भूम-वाशी-परांड्याकडे दुधाला तोटा नाही. सकाळी आलेलं दोन लिटर दूध लिंबू पिळून फाडलं. इटलीत अशा डिपला रिकोटा वापरतात. रिकोटा म्हणजे शब्दशः 'पुन्हा शिजवलेलं'. चीज करून उरलेलं पाणी परत तापवून ते काढतात. मी केलं ते आपलं साधं मऊ पनीर. त्यात टोमॅटो, लसूण, मिरपूड, थोडं ऑलिव्ह तेल आणि बेसिलची पानं.

बेसिल इथे कुठून आणलं, असं तुम्ही विचाराल. फालुद्यातला सब्जा म्हणजे याच झाडाच्या बिया. चांगल्या, न भिजवलेल्या बिया कुंडीत टाकल्या की दीड-दोन महिन्यांत पानं तोडण्याइतकं रोप होतं. वास थोडा बडीशेपेकडे झुकतो, पण काम भागतं. वृंदावनातली तुळस वेगळी, ही तिची नात्यातली. सासूबाईंनी ती खात्री आधी करून घेतली, मगच पानं तोडू दिली.

आता चूक कुठे झाली ते सांगते. टोमॅटो चिरताना बोट कापलं. पट्टी लावली आणि त्याच हातानं पनीर मळलं, कारण हातानं मळलं की ते लोण्यासारखं होतं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. फ्रीज केकनं भरला होता, म्हणून डिपचं भांडं झाकून ओट्यावर ठेवलं. मे महिना, दुपारी दोन तास लाईट गेलेली. कामाच्या मावशींनी एकदा विचारलंही, "ताई, हे भायेरच ऱ्हाऊ द्यायचं का?" मी म्हटलं, "राहू दे, आजचंच आहे." संध्याकाळी सातला गच्चीवर पार्टी, साडेनऊला पहिली उलटी.

सासऱ्यांना रात्री सलाईन लावावं लागलं. ते लावताना माझे हात थरथरत होते, हे कबूल करते.

प्रयोगशाळेत काही तपासलं नाही, पण वेळ आणि लक्षणं बघून डॉक्टरला अंदाज येतो. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत अचानक मळमळ, जोरात उलट्या, पोटात कळा, ताप जवळजवळ नाही आणि दिवसभरात उतार. हे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं वागणं. तो आपल्या नाकात, त्वचेवर, गळवांत आणि कापलेल्या जखमेत असतो. दूध उकळलं तेव्हा त्यातले बहुतेक जिवाणू मेले होते. मग मी माझ्या बोटावरचे आत सोडले. पनीर ओलं, प्रथिनांनी भरलेलं, आंबटपणा बेताचा, बाहेर चाळीस अंश आणि स्पर्धेला दुसरं कुणी नाही. त्यांना यापेक्षा चांगलं घर काय मिळणार? वाढता वाढता ते एक विष सोडतात आणि आजार त्या विषानं होतो. ते उकळूनही नष्ट होत नाही. म्हणजे 'परत गरम करून घेऊ' हा आपला नेहमीचा उपाय इथे चालत नाही. चव बदलत नाही, वासही येत नाही. त्या रात्री सगळ्यांनी डिपचं कौतुक केलं होतं.

'ताजं' हा शब्द आपण बाजाराच्या पिशवीपासून मोजतो. जिवाणू मोजतात ते चुलीवरून उतरल्यापासून आणि हात लागल्यापासून. असा पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मार्च ते जून म्हणजे एकच तास, असं सरळ धरा.

आता मी करते तो डिप सांगते. आठ-दहा जणांना पुरतो. पनीरऐवजी पाव किलो चक्का घ्या. अर्धा किलो घट्ट दही फडक्यात बांधून रात्रभर टांगा, पण फ्रीजच्या आत. चक्क्याचा आंबटपणा जिवाणूंना मानवत नाही, हा त्याचा फायदा. अर्थात त्याच्या भरवशावर भांडं ओट्यावर ठेवू नका. तीन टोमॅटो वांग्यासारखे गॅसवर भाजा, साल काढून ठेचा आणि पूर्ण गार होऊ द्या. दोन चमचे तेलात, शेंगदाण्याचंही चालतं, चार लसूणपाकळ्या सोनेरी करा. सगळं चक्क्यात घाला, वर मिरपूड आणि धुऊन हातानं तोडलेली बेसिलची दहा-बारा पानं. कालवायला चमचा, हात नाही. बोटाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा. टोमॅटोतलं लायकोपिन शिजवल्यावर आणि तेलाच्या संगतीत शरीराला जास्त मिळतं, तेव्हा ते दोन चमचे तेल काढून टाकू नका.

मीठ अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे आणि सपाट चमचाभर मिठातच तो कोटा संपतो. पिझ्झाबरोबर आलेल्या मसाल्याच्या पुड्या यात रिकाम्या करू नका, बहुतेकांत मीठ असतंच. बुडवायला चिप्स कशाला? आपली ज्वारीची कडक भाकरी मोडून ठेवा, काकडी-गाजराच्या फोडी ठेवा. रक्तदाबाचे आणि साखरेचे पेशंटही मग ताटाशी बसू शकतात.

लसणाबद्दल एक गोष्ट, जी मला पार्टीच्या डिपपेक्षाही जास्त धास्तावते. व्हिडिओ बघून अनेक जण कच्चा लसूण तेलात बुडवून बाटली महिनाभर ओट्यावर ठेवतात. मातीतून लसणावर बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. तेलाखाली हवा नाही, आंबटपणा नाही, खोली गरम. त्यांना वाढायला हेच हवं असतं. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहात फ्रीजबाहेर ठेवलेल्या अशाच लसूण-तेलामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला. यात एकाचे दोन दिसणं, पापण्या खाली येणं, गिळता न येणं असं सुरू होतं आणि श्वास बंद पडू शकतो. ही लक्षणं दिसली तर घरी थांबू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा. घरचं लसूण-तेल लागेल तेवढंच करा. उरलं तर फ्रीजमध्ये, चार दिवसांच्या आत संपवा, नाहीतर ओतून द्या.

आणि उलट्या सुरू झाल्याच तर? घोट घोट ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अँटिबायोटिक मागू नका, तयार विषावर त्याचा उपयोग नाही. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, मधुमेही, किंवा लघवी कमी झालेली, गुंगी आलेली, रक्त पडतंय, पाणीही ठरत नाही, अशांना लगेच डॉक्टरकडे न्या. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं हे अशा वेळी आपल्या मनानं ठरवू नका. साखर तपासा आणि फोन करा.

यंदाही गच्चीवरच पार्टी झाली. डिप लहान लहान वाट्यांत, एक संपली की फ्रीजमधून दुसरी. सासऱ्यांनी भाकरीचा तुकडा उचलला, वाटीवर धरला आणि विचारलं, "हा बाहेर कधी काढलास?" मी म्हटलं, "पंधरा मिनिटं झाली, मामंजी." त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मग तुकडा बुडवला.