शिंपल्याने खाल्लेला हंगाम

जालन्याच्या कुंडलिका नदीच्या पाण्याची बाटली भरली की त्या सकाळचं पाणी तेवढं हाती येतं. पहिल्या पावसाने शेतातून काय आणलं, उन्हाळ्यात गटारातून काय उतरलं, ते त्या बाटलीत सापडत नाही. गाळात रुतलेला शिंपला मात्र महिनोन्‌महिने तेच पाणी गाळून पोट भरत असतो. जे खाल्लं ते त्याच्या अंगी लागतं. ते कुठून आलं हे शोधणं माझं काम.

१९७८ साली मायकेल डिनिरो आणि सॅम्युएल एपस्टाईन यांनी दाखवून दिलं की प्राण्याच्या अंगातलं जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण त्याच्या खाण्याशी जुळतं. जालन्यात याचा फार उपयोग होतो, तो इथल्या पिकांमुळे. कापूस, सोयाबीन, तूर, मोसंबी यांच्या या प्रमाणाचा आकडा, ठरलेल्या मानकाच्या तुलनेत, दर हजारी उणे २७ च्या आसपास असतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांचा उणे १३ च्या. म्हणजे ओढ्यात पऱ्हाटीचा पाला कुजला की ज्वारीची धसकटं, याचा माग तळातल्या जिवात लागू शकतो.

नमुना हाताने घडवावा लागतो. शिंपला आधी रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवायचा, म्हणजे पोट रिकामं होतं. मग पायाचा स्नायू कापायचा. कवचाचा कणही येऊ द्यायचा नाही, कारण त्यातला चुना आकडा वर ढकलतो. ६० अंशांवर वाळवून खलात पीठ करायचं आणि त्यातलं जेमतेम एक मिलिग्रॅम कथलाच्या इवल्या कपात भरून चिमट्याने घडी घालायची. पुढे यंत्र ते जाळतं आणि निघालेल्या वायूतले जड-हलके रेणू वेगळे करतं.

खरी कसोटी आकडा आल्यावर लागते. उणे २० आलं तर ती कापूस आणि ज्वारीची सरमिसळ असेल, किंवा निव्वळ शेवाळही असेल. जड-हलक्या नायट्रोजनच्या आकड्याचंही तसंच. हवेतल्या नायट्रोजनपासून बनलेल्या युरियाचा आकडा शून्याजवळ असतो. शेणामुताचा आणि सांडपाण्याचा बराच वर जातो, कारण हलका नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. पण गाळात प्राणवायू संपला की जिवाणू हलका नायट्रेट आधी वापरतात आणि युरियातून आलेला उरलेला नायट्रेटही सांडपाण्यासारखा दिसू लागतो. शिवाय खाणाऱ्याचा आकडा खाल्लेल्यापेक्षा साधारण ३.४ ने चढतो. त्यामुळे चतुराच्या अळीत मोठा आकडा दिसला म्हणून लगेच गटाराला दोष देता येत नाही. ती दुसरे जीव खाऊन वाढते.

म्हणून शिंपल्याबरोबर त्याच काठचं शेवाळ, पाला, धसकटं, शेणखत, नाल्याचा गाळ, सगळं गोळा करायचं. शहराच्या वर घाणेवाडीच्या जलाशयातला शिंपला आणि शहर ओलांडल्यावरचा शिंपला शेजारी शेजारी ठेवून मोजायचा. काठच्या शेतकऱ्याला विचारायचं: औंदा काय पेरलं होतं, खत कधी टाकलं? या उत्तरांवाचून यंत्राचा आकडा मुका आहे.

हा खटाटोप मला मोलाचा वाटतो, कारण दोन उपाय दोन टोकांचे आहेत. नदीत नायट्रोजन वाढण्यात दोष सांडपाण्याचा असेल तर पालिकेने शुद्धीकरणावर खर्च करायला हवा. खताचा असेल तर बांधावर गवत लावून आणि युरिया हप्त्याहप्त्याने देऊन भागेल. जिथे पाणीच थोडं, तिथे चुकीच्या उपायावर पैसा घालवणं परवडत नाही.