बागेवरचा बगीचा

सन २००४च्या सुमाराची गोष्ट. उन्हाळा लागला होता. आंबे बहराची फळं लिंबाएवढी झाली होती आणि मी झाडांच्या आळ्यांत पाणी फिरवत होतो. तेवढ्यात चुलतभाऊ सायकलवर आला आणि बांधावरूनच ओरडला, "दादा, तुमच्या बागेवर बगीचा पडलाय!"

मला वाटलं चेष्टा करतोय. बागेवर बगीचा पडायला तो काय गारा आहे का? पण त्याचं तोंड चेष्टेचं नव्हतं. म्हणाला, "नगरपालिकेत नकाशा लावलाय. आपले गट नंबर हायेत त्यात. जाऊन बघा."

आमचं शेत तालुक्याच्या गावाला लागून. गावाचं नाव सांगत नाही, जालना जिल्ह्यातल्या तालुक्यांपैकी कोणतंही समजा. आमच्या लहानपणी गाव वेशीपाशी संपायचं आणि मग अर्धा मैल नुसती ज्वारी. पुढं गाव वाढत वाढत आमच्या बांधाशी आलं. हद्दवाढीत शेत पालिकेत गेलं, पण आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. सात-बारा तोच, तलाठी तोच, नांगर तोच.

दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून पालिकेत गेलो. सभागृहाच्या भिंतीवर हा एवढा मोठा नकाशा. पंचवीस-तीस माणसं त्याला चिकटलेली, बोटानं आपापलं शेत हुडकत होती. रंगच रंग होते. राहायच्या घरांना पिवळा, धंद्याला निळा, कारखान्याला जांभळा, शेतीला फिका हिरवा. माझं शिक्षण दहावीपर्यंत, भूगोलात नकाशे रंगवले होते. पण जमिनीवर आधी काही असतं आणि मग नकाशा होतो, एवढंच तेव्हा शिकलो होतो. इथं नकाशा आधी होता, जमिनीनं त्याच्यासारखं व्हायचं होतं.

माझा गट सापडला. विहिरीजवळच्या साठ गुंठ्यांवर गडद हिरवा चौकोन, त्यात एक आकडा. बाजूच्या यादीत आकडा पाहिला: 'बगीचा'. दीड एकरात माझी एकशे साठ मोसंबीची झाडं. सरकारी कागदावर ती नव्हती. तिथं बाकडी आणि घसरगुंडी होती.

हा आराखडा कसा होतो ते मला त्या वेळी कळलं. १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. त्याप्रमाणे पालिका आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग आज कुठल्या जमिनीवर काय आहे त्याचा नकाशा होतो. मग पुढच्या वीस वर्षांत किती माणसं वाढतील, त्यांना किती शाळा, किती दवाखाने, किती मैदानं लागतील, याचा हिशेब करून प्रारूप आराखडा तयार होतो. तो लोकांसमोर ठेवून हरकती-सूचना मागवतात. हल्ली त्याला तीस दिवसांची मुदत असते. मग नियोजन समितीपुढं सुनावणी. समितीत पालिकेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. समिती अहवाल देते, सभा त्यावर ठरवते आणि शेवटची सही राज्य सरकारची.

ही शेवटची गोष्ट लोकांना माहीत नसते. लोक नगरसेवकाच्या ओट्यावर जाऊन बसतात. "तेवढं आमचं पिवळं करून द्या." नगरसेवकही "बघू, करू" म्हणतो. पण पिवळं करणं त्याच्या हातात नसतं. आराखडा एकदा मंजूर झाल्यावर एखाद्या जमिनीचा वापर बदलायचा तर त्याला कलम ३७ आहे. पालिकेच्या सभेत ठराव, राजपत्रात नोटीस, महिनाभर हरकती, सुनावणी आणि मग प्रस्ताव मंत्रालयात. त्यातही अट अशी की बदलानं आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. तलाठ्याकडचा असतो तो फेरफार आणि हा फेरबदल. पहिल्याला महिना लागला तर आपण कुरकुरतो, दुसऱ्यात पोराचं लग्न होऊन नातू शाळेत जातो.

हरकत लिहायला मी कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडं गेलो. त्या दिवसांत त्याच्यापुढं रांग होती. बहुतेक सगळ्यांची मागणी एकच, हिरव्याचं पिवळं. शेती राहू द्या म्हणणारा मी एकटाच असेन. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "नुसतं नको म्हणून भागत नाही बाबा. दुसरी जागा सुचवावी लागते. बगीचा त्यांना कुठंतरी दाखवावाच लागणार. तुमच्या शेजारी पडीक नाही का?"

होतं. बांधाच्या पलीकडं आक्काचं रान होतं. आक्का म्हणजे नात्यानं कुणी नाही, पण लहानपणापासून आक्काच. नवरा वारल्यापासून तिचं रान तीन-चार वर्षं पडून होतं. पोरगं कामाला जालन्याला एका स्टीलच्या कारखान्यात. रानात हराळी आणि बाभळी.

अर्जवाल्यानं लिहिलं, 'सदर आरक्षण लगतच्या पडीक जमिनीवर हलवावे.' मी वाचलं आणि सही केली. वाचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

सुनावणीला दोन तास बसलो, आत चार मिनिटं मिळाली. नगररचना खात्याचे साहेब भले माणूस होते. विचारलं, झाडं किती वर्षांची? विहिरीला पाणी किती? मी सोबत चार मोसंब्या नेल्या होत्या. त्या टेबलावर ठेवल्या तर शिपायानं उचलून बाजूला केल्या. साहेबांनी माझ्या अर्जावर पेन्सिलीनं खूण केली आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

काही महिन्यांनी बातमी आली. माझी हरकत मान्य झाली होती. मी पेढे घेऊन घरी आलो. बायको चुलीपुढं होती. पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. म्हणाली, "मग आता पडला कुठं?"

"काय?"

"बगीचा. आपल्यावरून उठला, तर पडला कुठं?"

मी म्हणालो, "पल्याड."

तिनं पेढा ताटलीत ठेवला आणि भाकरी उलटली. पुढं काही बोलली नाही.

आता आक्काचं आमच्याशी काय नातं ते सांगितलं पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. ज्या विहिरीच्या जिवावर पुढं मोसंबी उभी राहिली, ती दादांनी त्याच साली खोल केली. दिवसा सगळेच खडी फोडायला जायचे. संध्याकाळी आल्यावर आक्काचा नवरा विहिरीत उतरायचा आणि दादा वर रहाटावर. मजुरी मागितली नाही. आई त्याला सुकडीतली अर्धी द्यायची तर तोही "पोराला ठिवा" म्हणायचा. ते पोरगं म्हणजे मी.

कायद्यात असं आहे की हरकतींनंतर आराखड्यात मोठा बदल केला तर तो पुन्हा जाहीर करून लोकांकडून पुन्हा हरकती घ्याव्या लागतात. तशी नोटीस वर्तमानपत्रात आली. आक्काला वाचता येत नव्हतं. पोरगं जालन्याला. पालिकेचा माणूस काही दारोदार फिरत नाही. म्हणजे त्या बांधापलीकडं ही गोष्ट ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो सांगत नव्हता.

चार रात्री झोप नाही. मनाशी सारखं म्हणायचो, तिचं तसंही पडीकच आहे. पालिका मोबदला देईल. पोरगं कुठं शेती करणार आहे? सगळी कारणं खरी होती. पण खरी कारणं माणसाला झोपू देत नाहीत असं कशामुळं होतं?

पाचव्या दिवशी सकाळी गेलो. आक्का अंगण सारवत होती. मी नकाशा, रंग, आरक्षण सगळं सांगितलं. फक्त एक सोडून. ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय बाबा. पन माझ्याच रानावर कामून आलं ते?"

मग तेही सांगितलं. मीच लिहून दिलं म्हणून.

तिनं शेणाचा हात तसाच धरला. बराच वेळ. मग म्हणाली, "तुझं घालवायचं म्हनून माझ्यावर घातलं व्हय? बरं. आता काय करायचं ते सांग."

तिची हरकत मी माझ्या हातानं लिहिली. अर्जवाल्याकडं नेलं नाही. खाली तिचा अंगठा घेतला. मुदतीला सहा दिवस राहिले होते. सुनावणीला तिच्यासोबत मीच गेलो. साहेब तेच. अर्ज चाळला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ही जागा मागच्या वेळी तुम्हीच सुचवली होती ना?"

खोलीत सात-आठ माणसं होती. मी म्हणालो, "व्हय साहेब, मीच."

"मग आज?"

"चुकलो. दुसऱ्याच्या रानाचं सुचवायला मी कोण?"

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुम्हाला बाग पाहिजे, यांना रान पाहिजे, सगळ्यांना प्लॉट पाहिजेत. उद्या इथं पाच हजार माणसं राहायला आली तर त्यांची पोरं खेळायची कुठं? ते सांगायला आज कुणीच आलेलं नाही. त्यांच्या वतीनं मीच बसलोय इथं."

तेव्हा मला हे बोलणं तोडून टाकल्यासारखं वाटलं.

पुढं सरकारनं आराखडा मंजूर केला, पण बगीच्याची जागा 'वगळलेला भाग' म्हणून बाजूला ठेवली. ज्याचं ठरत नाही ते असं वगळून मागं ठेवतात. त्याचा निर्णय आणखी दोन वर्षांनी आला. बांध मध्ये धरून तीस गुंठे माझे, तीस तिचे. आक्का म्हणाली, "झालं. बहात्तरला सुकडी वाटून खाल्ली, तसंच."

आरक्षण पडलेल्या जमिनीचं काय होतं? काही होत नाही, हेच तिचं दुखणं. पेरता येतं, पण बांधता येत नाही. गिऱ्हाईक फिरकत नाही. पालिका ती ताब्यात घेत नाही, कारण मोबदल्याला पैसे नसतात. मी बागेच्या त्या तीस गुंठ्यांत मेलेल्या झाडाच्या जागी नवीन कलम लावलं नाही. उद्या जायचंच आहे म्हणून. आणि २०१२च्या दुष्काळानं तर सगळाच निकाल लावला. विहिरीनं तळ दाखवला. दोन महिने टँकरनं पाणी विकत घेऊन घातलं, मग सोसेना. आमच्या भागात त्या साली कितीतरी बागा सरपणाला गेल्या. माझ्याही गेल्या, आरक्षणातल्या आणि बाहेरच्या सारख्याच. दुष्काळाला रंग कळत नाहीत.

त्याच कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत पालिकेनं जमीन घेण्याची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. आम्ही दोघांनी एकाच दिवशी सूचना दिल्या. म्हणजे मी आणि आक्काच्या पोरानं. आक्का तोवर गेली होती. चोवीस महिने गेले. पालिकेकडून काही आलं नाही. आरक्षण उठलं.

आता समृद्धी महामार्ग झाला, २०२३ साली जालन्याची महानगरपालिका झाली, आणि जिल्ह्यात जिकडंतिकडं दगडावर चुन्यानं प्लॉटचे आकडे पडलेले दिसतात. आक्काच्या पोरानं आरक्षणाबाहेरचं रान आधीच गुंठ्या-गुंठ्यानं विकलं होतं. रीतसर अभिन्यास मंजूर करून घेतला असता तर त्यात मोकळी जागा सोडावी लागली असती. बाँड पेपरवर विकलेल्या गुंठ्यात कोण सोडतो? उरलेले तीस गुंठेही मग तसेच गेले. मी त्याला बोललो नाही. कोणत्या तोंडानं बोलणार? भिंतीला भिंत लागून घरं झाली. रस्ता इतका अरुंद की ट्रॅक्टर वळत नाही.

माझे तीस गुंठे मात्र अजून मोकळेच आहेत. मुलगा म्हणतो, आता प्लॉट पाडू. मी म्हणतो, पाडू, घाई काय आहे. संध्याकाळी त्या घरांतली पोरं तिथं क्रिकेट खेळायला येतात. पहिल्यांदा मी हाकललं. दुसऱ्या दिवशी परत आली. जाणार कुठं? बायको त्यांना माठातलं पाणी देते. तिनं मागं विचारलेलं मी विसरलेलो नाही, आणि साहेबांचं बोलणंही.

मागच्या महिन्यात चेंडू विहिरीत गेला म्हणून एक पोरगं काठावर पोटावर झोपून आत वाकलेलं पाहिलं. काळजात धस्स झालं. दुसऱ्या दिवशी जालन्याहून लोखंडी जाळी आणून विहिरीवर बसवून घेतली.