लाल कातळातले किल्ले : फेल्त्सरवाल्डची दैनंदिनी

रविवार : हिंटरवाइडेनथाल

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ऱ्हाइनचे सपाट खोरे आणि फ्रान्सची सरहद्द यांच्या बेचक्यात फेल्त्सरवाल्ड हे सुमारे 1,770 चौरस किलोमीटरचे जंगल आहे. युनेस्कोने 1992 मध्ये त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. 1998 मध्ये सरहद्दीपलीकडचे उत्तर व्होज त्याला जोडले गेले आणि दोन देशांचे मिळून एकच राखीव क्षेत्र झाले. जंगलाच्या दक्षिण भागाला वासगाऊ म्हणतात. सुळके, कडे आणि पडके किल्ले यांची सर्वांत दाट गर्दी या भागात आहे.

लांडाऊहून निघालेली गाडी क्वाइश नदीच्या खोऱ्यातून हिंटरवाइडेनथालला पोचते. गावावरच्या टेकडीवर ‘टॉयफेल्सटिश’, म्हणजे सैतानाचे टेबल, उभे आहे. उंची 14 मीटर, वजन सुमारे 284 टन. खाली अरुंद खांब, वर भलीमोठी फळी आणि फळीवर उगवलेली झुडपे. रात्री जेवायला बसायला जागा मिळेना म्हणून सैतानाने दोन शिळा उचलून एकमेकींवर ठेवल्या, अशी गावची कथा. भूगर्भशास्त्राची कथा याहून लांबलचक आहे आणि ती ऐकल्याशिवाय पुढचे किल्ले नीट कळत नाहीत.

सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश उष्ण आणि कोरडा होता. पश्चिमेकडच्या डोंगरांतून येणाऱ्या नद्यांनी इथे शेकडो मीटर जाडीची वाळू आणून टाकली. वाळूच्या कणांवर लोहाच्या संयुगाचे पातळ लेपण होते, तोच आजचा लाल रंग. पुढे फार मोठ्या काळानंतर ऱ्हाइनचे खोरे खचू लागले, त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या गेल्या आणि वरचे नवे थर वाहून जाऊन हा जुना वालुकाश्म उघडा पडला. त्यातले काही थर सिलिकेने घट्ट सांधलेले, काही चिकणमाती मिसळलेले आणि भुसभुशीत. पाऊस आणि हिवाळ्यातले गोठणारे पाणी मऊ थर आधी खाते, कठीण थर छज्ज्यासारखा पुढे राहतो. टॉयफेल्सटिशचे टेबल असे तयार झाले.

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर हात फिरवायची सवय असलेल्याला हा दगड वेगळा लागतो. बोट घासले की बोटावर वाळूचे कण येतात. कड्याच्या आडोशाच्या बाजूला पोळ्यासारखी जाळी पडलेली असते, काही भोके करंगळी जाईल एवढी, काहींत मूठ बसेल. दगडातले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाशी येतात, तिथे त्यांचे स्फटिक होतात आणि ते कण उखडून टाकतात.

जंगल टिकण्याचे कारणही हीच वाळू आहे. तिच्यावर पीक धड येत नाही, म्हणून शेती दऱ्यांच्या तळाशी राहिली. अर्थात आजचे रान अस्पर्श नाही. लाकूडतोड, कोळसा आणि चराई यांनी ते एकेकाळी पार उघडे पडले होते. नंतर पाइनची लागवड करून ते पुन्हा उभे करण्यात आले. बीच आणि ओक यांच्यामध्ये पाइनचे इतके प्रमाण दिसते ते त्यामुळेच.

सोमवार : डान

डान गावाजवळच्या एका चिंचोळ्या धारेवर आल्टडान, ग्राफेनडान आणि टानश्टाइन असे तीन किल्ले एका ओळीत, पाच सुळक्यांवर उभे आहेत. बाराव्या-तेराव्या शतकांत श्पायरच्या बिशपच्या सेवेतल्या डान घराण्याने ते बांधले. एकाच घराण्याला शेजारी शेजारी तीन किल्ले कशाला, हा प्रश्न रास्त आहे. घराण्याच्या शाखा फुटत गेल्या आणि प्रत्येक शाखेला आपला सुळका हवा होता, हे त्याचे उत्तर. मधला किल्ला पुढे श्पॉनहाइमच्या काउंटकडे गेला, म्हणून तो ‘ग्राफेन’, म्हणजे काउंटचा.

इथे किल्ला खडकावर बांधलेला आहे असे म्हणणे अपुरे पडते. अर्धा किल्ला खडकच आहे. मऊ थर कोरून खोल्या, तळघरे आणि पाण्याची टाकी काढली. कठीण थर छत म्हणून राहू दिला. कड्याच्या अंगाला चौकोनी खोबण्यांच्या रांगा आहेत. त्यांत तुळया बसत आणि तुळयांवर लाकडी मजले. लाकूड जळून, कुजून गेले, त्यामुळे आज हवेत दहा-बारा मीटर उंचीवर एखादे दार नुसतेच उघडे दिसते. जिना सुळक्याच्या पोटातून वर चढतो. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत आणि पाऊस पडून गेल्यावर त्यांत पाणी साचते. भिंतींवर टाकीचे तिरपे घाव स्पष्ट दिसतात, आणि ते खालून वर मोजत गेले तर पाथरवटाने एका दमात किती उंची गाठली याचा अंदाज येतो.

रचलेल्या भिंतींचे चिरे पुढे फुगीर ठेवलेले आहेत. जवळून पाहिल्यास बहुतेक चिऱ्यांच्या मधोमध एक छोटे भोक दिसते. दगड उचलणाऱ्या लोखंडी चिमट्याचे टोक त्यात अडकवीत. मार्गदर्शक फलकावर सगळ्यांच्या नजरा राजघराण्यांच्या वंशावळीकडे जातात, पण इथली खरी पाहण्यासारखी गोष्ट हे भोक आहे.

टानश्टाइन 1523 मध्ये सरदारांच्या बंडानंतर पडला (त्याची हकिकत बुधवारी). आल्टडानवर शेवटचा घाव 1689 मध्ये फ्रेंच फौजांनी घातला.

मंगळवार : युंगफर्नश्प्रुंग

डानच्या घरांवर सुमारे सत्तर मीटर उंचीचा सरळ कडा उभा आहे. एक मुलगी पाठलाग करणाऱ्याला चुकवण्यासाठी वरून उडी मारते, घागरा फुगून ती अलगद खाली उतरते आणि पाय टेकले तिथे झरा फुटतो, अशी दंतकथा. मागच्या बाजूने वाट सोपी आहे. वरून गाव, चर्च आणि समोरच्या टेकड्यांमधून डोके काढणारे सुळके दिसतात. गावाच्या दुसऱ्या अंगाला ‘नवरा-नवरी’ नावाची जोडशिळा आहे. ती पाहायला अर्धा तास पुरतो.

बुधवार : ड्राखेनफेल्स आणि बेरवार्टश्टाइन

बुसेनबेर्ग गावाजवळचा ड्राखेनफेल्स लांबून दाढेसारखा दिसतो. हा भागीदारीचा किल्ला होता, अनेक सरदारांची त्यात पाती होती. त्यांपैकी एक होता फ्रांत्स फॉन झिकिंगेन. 1522 मध्ये त्याने त्रिएरच्या आर्चबिशपवर चाल केली आणि ती फसली. पुढच्या वर्षी त्रिएर, फाल्त्स आणि हेसेन यांच्या एकत्र फौजांनी लांडश्टुलच्या किल्ल्यात त्याला गाठले. तोफखान्यापुढे तो टिकला नाही आणि 7 मे 1523 रोजी जखमांनी मरण पावला. लगोलग ड्राखेनफेल्सही उद्ध्वस्त करण्यात आला. बाकीच्या भागीदारांचा दोष एवढाच की भागीदार चुकीचा निघाला. उंच कड्याने शिड्या आणि बाण अडवले होते, तोफेला तो अडवू शकला नाही. या प्रदेशातल्या बहुतेक किल्ल्यांचा अंत याच वाक्यात येतो.

किल्ल्याच्या पायथ्याशी फेल्त्सरवाल्ड संघाची झोपडी आहे. 1902 मध्ये स्थापन झालेल्या या पदभ्रमण संघाच्या अशा झोपड्या जंगलभर आहेत आणि त्या बहुतेक स्वयंसेवक चालवतात. लांब बाकांवर अनोळखी लोकांनी दाटीवाटीने बसायचे, अर्ध्या लिटरच्या, खोलगट ठिपक्यांच्या ग्लासात वाइन आणि सोडा घ्यायचा, अशी रीत. शाकाहारी माणसाला बटाटे, पांढरे ताजे चीज आणि पाव यांवर भागवावे लागते.

एर्लेनबाखचा बेरवार्टश्टाइन मात्र पडका नाही. 1591 मध्ये वीज पडून तो जळाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा बांधला गेला. कातळात खोदलेली त्याची विहीर 104 मीटर खोल आहे. 1480 मध्ये तो हान्स फॉन ट्रोटा याच्या हाती आला. वाइसेनबुर्गच्या मठाशी त्याचा तंटा होता. त्याने वीसलाउटर नदीला बांध घालून खालच्या गावाचे पाणी तोडले आणि तक्रार येताच बांध फोडून तेच गाव बुडवले. 1503 मध्ये तो मेला, पण नावाने जिवंत राहिला. सरहद्दीपलीकडे अल्सासमध्ये नाताळच्या दिवसांत वांड पोरांना दटावायला येणारा बागुलबुवा ‘हान्स ट्राप’ तो हाच.

गुरुवार : सरहद्दीवर

वेगेलनबुर्ग, होहेनबुर्ग, ल्योवेनश्टाइन आणि फ्लेकेनश्टाइन हे चार किल्ले एका दिवसाच्या चालीत होतात. पहिला जर्मनीत, उरलेले फ्रान्समध्ये. मधे चौकी नाही, झाडांत जुने हद्दीचे दगड तेवढे दिसतात. वेगेलनबुर्गची उंची 572 मीटर, फाल्त्स प्रदेशातल्या किल्ल्यांत सर्वांत जास्त. निरभ्र दिवशी पूर्वेला ऱ्हाइनचे सपाट खोरे आणि त्यापलीकडे ब्लॅक फॉरेस्टची निळी रेघ दिसते. पूर्ण भटकंतीतला सर्वोत्तम देखावा हाच. फ्लेकेनश्टाइन म्हणजे लांबट सुळक्याच्या आरपार जिने काढलेला किल्ला. ओझी वर ओढण्यासाठी माणसाने आत चालून फिरवायच्या मोठ्या चाकाची प्रतिकृती तिथे ठेवली आहे. डानमध्ये चिऱ्यावर दिसलेल्या भोकाचा उपयोग ती पाहिल्यावर पुरता कळतो.

शुक्रवार : ट्रिफेल्स

आनवाइलर गावावर झोनेनबेर्ग, आनेबोस आणि शार्फेनबेर्ग अशा तीन टेकड्या, तिन्हींवर किल्ले. झोनेनबेर्गवरचा ट्रिफेल्स सर्वांत महत्त्वाचा. बाराव्या-तेराव्या शतकांत पवित्र रोमन साम्राज्याची राजचिन्हे बराच काळ इथे ठेवलेली असत. आज इथे प्रतिकृती आहेत, अस्सल मुकुट व्हिएन्नात आहे. 1193 च्या वसंतात इंग्लंडचा राजा रिचर्ड इथे कैदेत होता. त्याच्या खंडणीच्या पैशावर सम्राट सहाव्या हाइनरिशने पुढच्याच वर्षी सिसिली घेतली.

समोर दिसणारी भव्य इमारत बरीचशी विसाव्या शतकातली आहे. 1938 मध्ये नाझी राजवटीत वास्तुविशारद रुडोल्फ एस्टेरेरने पुनर्बांधणी सुरू केली. जुन्या किल्ल्याचे चित्र त्याने पुराव्यावरून कमी आणि सम्राटांच्या वैभवाच्या कल्पनेवरून जास्त रंगवले. उंच दालन प्रभावी वाटते, पण मध्ययुगात ते असे नव्हते. खरे जुने काम पाहायचे तर मुख्य बुरुजाच्या खालच्या चिऱ्यांकडे आणि तटाबाहेरच्या पुलासारख्या कमानी असलेल्या विहिरीच्या मनोऱ्याकडे वळावे.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. डानकडे जाणारी छोटी आगगाडी फक्त हंगामात आणि ठरावीक दिवशी धावते, एरवी बस पकडावी लागते. आणि साधारण फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत बहिरी ससाणा या कड्यांवर घरटी करतो. एकेकाळी तो इथून जवळजवळ नाहीसा झाला होता. घरट्यांच्या काळात काही सुळके बंद ठेवतात. वाटेवर तसा फलक दिसला, तर मागे फिरून दुसरा कडा निवडावा. इथे कड्यांना तोटा नाही.