उंबऱ्याशी थबकताना

दिवाळी सरली की आमच्या शिरूर कासारच्या गल्ल्या ओस पडतात. धडधाकट माणसं कोयते आणि बिऱ्हाड घेऊन उसाच्या फडांवर जातात. सांगली-कोल्हापूरकडं, काही पार कर्नाटकात. मागं उरतो आम्ही म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं.

पावसाळ्यात मी मोरीत घसरले. हाड वाचलं, धीर तेवढा मोडला. तेव्हापासून उंबऱ्याशी आलं की पाय आपसूक थबकतो. आधी चौकट धरायची, मग उजवं पाऊल. मधोमध झिजून खोलगट झालेला हा उंबरा डोईवर सरपणाची मोळी घेऊनही ओलांडला. त्याच्याकडं बघावं लागलं नव्हतं कधी.

डॉक्टरांनी नीट समजावलं. डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय यांच्यावर तोल चालतो. वयानं तिन्ही मंदावतात. त्यात गुडघ्यातली कूर्चा झिजलेली. दुखतं म्हणून बसून राहिलं, तर मांडीचा उरलासुरला जोरही जातो. म्हणून रोज खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते. कळ येते, पण करते. जगभरात अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच नंबर लागतो म्हणे. आपल्याकडं मात्र ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुखणं सोसतं, भीती नाही सोसत. बायकांसोबत सिंदफणेच्या काठानं चालायला जायचे, तेही सुटलंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय, पण पोरं फडावरून परतेपर्यंत सोबत कोण येणार? रात्री उठायचं झालं तर नातीला हाक मारावी की नाही, हेही अजून ठरत नाही. सकाळी तिची शाळा असते.