सहा इंची भिंत

वाकडच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि लहान बेडरूमच्या मध्ये सहा इंची भिंत आहे. अम्मी व्हीलचेअरवर आल्यापासून ही भिंत आम्हाला खुपते, कारण बेडरूमच्या दारातून खुर्ची जात नाही. भिंत काढून पडदा लावला, तर अम्मी दिवसभर माणसांत राहील, असा बेत होता.

अम्मी औसा तालुक्यातली. तिचा हिशोब सोपा. "पतली तो है दीवार, निकाल डालो की." मिस्त्रीही तेच म्हणाला: नऊ इंची भिंत भार घेते, ही पार्टिशन आहे, दोन दिवसांचं काम.

विटांच्या जुन्या बांधकामात हा हिशोब बराचसा चालतो. कॉलम-बीमच्या इमारतीत मात्र बाहेरची नऊ इंची भिंतसुद्धा नुसती भरलेली असू शकते. आणि वाकडकडचे अनेक नवे टॉवर ॲल्युमिनियमचे साचे लावून, म्हणजे मिव्हान पद्धतीने, ओतलेले आहेत. त्यात भिंती आणि स्लॅब एकदम काँक्रीटमध्ये ओततात; भिंती हेच खांब. अशी भिंत साधारण सहा इंचांची असते. अर्ध्या विटेची पार्टिशनही दोन्हीकडून प्लास्टर केल्यावर जवळपास तेवढीच भरते. मग टेप लावून काय कळणार?

उलटं उदाहरण तर अम्मीच्याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं. किल्लारी परिसरात दोन-दोन फूट रुंद दगडमातीच्या भिंती ढासळल्या, सुमारे आठ हजार माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होते. पण काही घरांत भिंती पडल्या आणि माळवद लाकडी खांबांवर तसंच राहिलं. म्हणजे तिथे जाड भिंत नव्हे, खांब आणि तुळया भार घेत होत्या.

आमच्याकडे पहिली शंका ड्रिलने काढली. विटेची लाल भुकटी पडलीच नाही. राखाडी पडली, आणि थोडं आत गेल्यावर बिट लोखंडावर अडलं. तरी ही नुसती खूण. दारावरच्या लिंटेलमध्येही काँक्रीट-लोखंड असतंच.

स्ट्रक्चरल इंजिनिअर आले, त्यांनी भिंतीवर टकटकसुद्धा केली नाही. सोसायटीच्या ऑफिसातून आरसीसी ड्रॉइंग मागवलं. घर घेताना आपल्याला मिळतो त्या प्लॅनवर खोल्या दिसतात, लोखंड दिसत नाही. आरसीसी ड्रॉइंगवर आमच्या भिंतीला नंबर होता, सळ्यांचा हिशोब होता. मग ते खालच्या मजल्यांवर आणि पार्किंगमध्ये जाऊन त्याच जागी काय आहे ते बघून आले. भिंत काढणं तर सोडाच, दार सहा इंच रुंद करायलाही त्यांनी नकार दिला. वर पाच मजले आहेत, म्हणाले. (मजला हा शब्द अरबी 'मंज़िल'मधून आला, 'मजल दरमजल'मधली मजलही तिथलीच. वर्गात सांगते तसं त्यांनाही सांगितलं. ते हसले आणि परत ड्रॉइंगकडे वळले.)

आता सोफा दिला आणि अम्मीचा पलंग हॉलमध्ये त्याच भिंतीला लावला. आल्यागेल्याशी तिची बातचीत होते. नमाजच्या वेळी आम्ही टीव्ही बंद करतो.

पण इंजिनिअर खाली गेले तेव्हा दिसलं, आमच्या तीन मजले खाली हीच भिंत फोडायचं काम सुरू झालंय. हे म्हणाले, "आपण कशाला बोलायचं? घर मिळताना काय काय ऐकलं, विसरलीस?" विसरले नव्हते. आमचं आडनाव ऐकून किती घरमालकांचे फ्लॅट अचानक 'गेले' होते, ते आम्हा दोघांनाही पाठ आहे. पण २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली तेव्हा काम तळमजल्यावर चालू होतं. सतरा जण गेले, त्यात वरच्या मजल्यांवर आपापल्या घरात असलेली माणसं होती.

मी सेक्रेटरींना ड्रॉइंगची प्रत जोडून पत्र दिलं. काम थांबलंय. त्या घरातल्या ताई लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत, मोबाइलकडे बघतात. काल ड्रॉइंगची एक झेरॉक्स त्यांच्या दाराखालून सरकवून आले, भिंतीच्या नंबराभोवती लाल पेनने गोल करून. शनिवारी इंजिनिअर त्यांच्याकडे बघायला येणार आहेत.